घरी न सांगितलेल्या गोष्टी

अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी ज्या कादंबऱ्या निघतात, त्यांच्या मलपृष्ठावर तीन गोष्टींची हमी बहुतेक वेळा दिलेली असते: ओळख, कुटुंब आणि मैत्री. कादंबरी स्थलांतरितांच्या मुलांविषयीची असली की 'ओळख' पुढे येते आणि बाकीच्या दोघी तिच्या मागे उभ्या राहतात. परीक्षणं त्याच क्रमानं लिहिली जातात, शाळेतल्या चर्चाही त्याच क्रमानं होतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय, आणि त्यातही मराठी, घरांतल्या मुलींच्या ज्या कादंबऱ्या अमेरिकेत आल्या, त्यांत 'मी भारतीय की अमेरिकन' हा प्रश्न फार तर निम्म्या पुस्तकापर्यंत टिकतो. पुढे कथानक चालतं ते दुसऱ्याच प्रश्नावर. हे घरी सांगता येईल का? आणि घरी सांगता येत नसेल, तर कोणाला सांगायचं? पहिल्या प्रश्नाच्या जागी कुटुंब आहे, दुसऱ्याच्या जागी मैत्री. ओळखीचा प्रश्न या दोन प्रश्नांची उत्तरं मिळता मिळता आपोआप सुटतो, किंवा त्याची निकड तरी संपते.

अनुराधा राजुरकर यांची 'अमेरिकन बेटिया' ही कादंबरी २०२१ मध्ये क्नॉफ या प्रकाशनसंस्थेनं काढली. नायिकेचं नाव राणी केळकर. शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टनमध्ये वाढलेली, आईवडिलांशी कधी खोटं न बोललेली मुलगी. तिला ऑलिव्हर भेटतो. गोरा, अंगावर टॅटू, चित्रकलेनं झपाटलेला, बोलण्यात मोहिनी असलेला. म्हणजे मराठी मध्यमवर्गीय आईनं जे जे नको म्हणून मनाशी ठरवलेलं असतं, ते सगळं एकाच मुलात. दोघं लपून भेटू लागतात. पुढे ऑलिव्हरच्या घरचं बिघडत जातं, तसा तो राणीकडून अधिकाधिक मागू लागतो, तिच्या जगात कसंही करून शिरू पाहतो. त्याच्या प्रेमात तिच्या भारतीयपणाचं अप्रूपही मिसळलेलं आहे, आणि ते अप्रूप म्हणजे आदर नव्हे हे तिला उशिरा उमगतं. मग एका उन्हाळ्यात तिला पुण्याला जावं लागतं आणि लांबून पाहिल्यावर त्या नात्याचा खरा चेहरा दिसू लागतो.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की आईचा निष्कर्ष चुकीचा नाही. तो मुलगा राणीसाठी खरोखर बरा नाही. पण आईपाशी त्यासाठी जी कारणं असणार ती कुचकामी आहेत: तो आपल्यातला नाही, त्याच्या अंगावर टॅटू आहेत, त्याच्या घरचं धड नाही. या कारणांत पूर्वग्रह किती आणि अनुभवातून आलेलं शहाणपण किती, हे अठरा वर्षांच्या मुलीनं कसं वेगळं काढायचं? तिला तो सगळा एकच आवाज ऐकू येतो, आणि त्यातला पूर्वग्रह तिला चांगला ओळखता येत असल्यामुळे ती त्याच्याबरोबर शहाणपणही टाकून देते. आईनं चुकीच्या कारणांसाठी इतके नकार आधीच देऊन ठेवले आहेत, की योग्य कारणासाठी नकार द्यायची वेळ येते तेव्हा तिच्या शब्दाला वजन उरत नाही. बंदीमुळे प्रेम थांबत नाही. प्रेमात काही बिनसलं तर घरी फोन करायची सोय मात्र जाते. राणीची अडचण ती दोन संस्कृतींत अडकली आहे ही नाही. तिला मदतीची गरज आहे आणि मदत मागायची म्हटली तर आधी खोटं कबूल करावं लागणार, ही खरी अडचण. हे घर इव्हॅन्स्टनऐवजी डोंबिवलीत असतं तरी गोष्ट फारशी बदलली नसती. म्हणूनच मी म्हणतो की 'ओळख' हे या पुस्तकांचं दुकानातलं नाव आहे.

हे अमेरिकेतच इतक्या ठळकपणे का लिहिलं गेलं, हे समजायला या साहित्यप्रकाराचा उगम पाहावा लागतो. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात राहणाऱ्या एस. ई. हिंटननं 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा ती शाळेत होती. पुस्तक १९६७ मध्ये आलं. टोळीतल्या पोरांची गोष्ट एका मुलीनं लिहिली म्हटल्यावर परीक्षणकर्ते हलक्यात घेतील, म्हणून नावाऐवजी आद्याक्षरं छापली गेली. या कादंबरीतल्या तीन भावांचे आईवडील मोटार अपघातात आधीच गेलेले आहेत. त्यामुळे मित्रांची टोळी हेच घर. १९७० मध्ये आलेल्या ज्युडी ब्लूमच्या कादंबरीतली मार्गारेट वडिलांकडून ज्यू आणि आईकडून ख्रिस्ती. आईवडील प्रेमळ आहेत, मोकळे आहेत, तरी तिला जे विचारायचं आहे ते ती देवालाच विचारते. म्हणजे सुरुवातीपासूनच या प्रकारानं आईबापांना एकतर गोष्टीतून काढून टाकलं किंवा जरा बाजूला बसवलं. मुलगा किंवा मुलगी 'मी' म्हणून बोलणार, आजच्या आज बोलणार, आणि त्यात मोठ्यांच्या शहाणपणाची पाचर नसणार, हा या प्रकाराचा अलिखित करार झाला.

स्थलांतरितांच्या मुलांनी हाच प्रकार उचलला तेव्हा पेच पडला. भारतीय घरातल्या मुलीच्या कादंबरीतून आईबापांना अपघातात घालवून चालत नाही. ते तिथं स्वयंपाकघरात उभे असतात, फोनवर पुण्याच्या मावशीशी बोलत असतात, मुलीच्या मार्कांची, वजनाची, मैत्रिणींची चौकशी करत असतात. कुटुंब जागेवरून हलत नाही, आणि कथानक चालवायला तर काहीतरी हलायला हवं. मग हलते ती माहिती. कोणाला काय कळलं, कोणापासून काय लपलं, यावर प्रकरणं रचली जातात. माझ्या मते अमेरिकन किशोर कादंबरीला भारतीय घरानं दिलेली ही खरी भर आहे. लपवाछपवी हा तिथं कथानकाचा आधार झाला.

मराठीत पौगंडावस्थेवर लिहिलं गेलं नाही असं कोणी म्हणणार नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, ज्याचं 'वनवास' १९९४ मध्ये आलं. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ मध्ये आली आणि तिच्यातल्या नववीच्या वर्गावर अख्खी पिढी लुब्ध झाली. त्याच्याही कितीतरी आधी 'श्यामची आई' आहे, ज्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची गोष्ट सांगतो. ही तिन्ही पुस्तकं फार वेगवेगळ्या जातकुळीची आहेत. त्यांत समान आहे ती नजर: मोठं झालेलं माणूस मागे वळून पाहतं आहे. 'शाळा'तल्या मुकुंदालाही घरी न सांगण्यासारखं बरंच काही आहे, पण ते आणीबाणीच्या काळातलं, आता निरुपद्रवी झालेलं गुपित आहे. वाचताना चाळिशीतला वाचक सुस्कारा टाकतो. नववीतली मुलगी त्यात आजची अडचण शोधायला बहुधा जात नाही. आपल्याकडे किशोरवय ही आठवायची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कादंबरीनं ती चालू असताना सांगायची गोष्ट केली. साहित्य म्हणून कोणतं श्रेष्ठ, हा वाद मी इथं घालत नाही. संतांचं एक पान या अमेरिकन कादंबऱ्यांच्या शेल्फवरच्या अनेक पुस्तकांना भारी पडेल. पण ज्या घरात आज सोळा वर्षांची मुलगी आहे, त्या घराला उपयोग दुसऱ्या प्रकारचा आहे.

आता मैत्री. तनुजा देसाई हिदियर यांची 'बॉर्न कन्फ्यूज्ड' २००२ मध्ये आली आणि भारतीय अमेरिकन किशोरीची कादंबरी म्हणून तिनं वाट पाडली. न्यू जर्सीतल्या डिंपल लालाला फोटोग्राफीचं वेड. तिची जिवलग मैत्रीण ग्विन, सोनेरी केसांची, सगळ्यांना हवीहवीशी. घरचे कर्ष नावाचा 'चांगला मुलगा' दाखवतात, आणि घरच्यांनी दाखवला एवढ्याच कारणासाठी डिंपल त्याला नाकारते. पुढे कळतं की हाच मुलगा न्यूयॉर्कमधल्या भारतीय तरुणांच्या पार्ट्यांत गाजणारा डीजे आहे. तोवर ग्विनला तो आवडू लागलेला असतो, आणि त्याच्याबरोबर डिंपलच्या घरातलं सगळंच: कपडे, टिकली, सणवार. ज्या गोष्टींची डिंपलला लाज वाटत होती त्या ग्विनच्या अंगावर फॅशन होतात. ओळखीचे सिद्धान्त सांगणारा समीक्षक इथं सांस्कृतिक उचलेगिरीवर बोलेल, आणि ते चूक नाही. पण कादंबरी वाचताना जे दुखतं ते वेगळं आहे. डिंपलनं आपल्या घरातलं ग्विनला कधी नीट सांगितलेलंच नव्हतं, आणि ग्विननं आपल्या घरातली पोकळी डिंपलला. दोघींनी एकमेकींच्या घराचं फक्त दर्शनी दालन पाहिलं होतं. मैत्री तुटते ती तिथं, आणि सांधते तीही तिथंच.

सुप्रिया केळकर यांच्या 'अमेरिकन अ‍ॅज पनीर पाय' (२०२०) मध्ये हेच जरा लहान वयात दिसतं. प्रकाशकांच्या भाषेत हे 'मिडल ग्रेड' पुस्तक, म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचं. मिशिगनमधल्या छोट्या गावातल्या लेखाच्या कपाळावर नेमकी टिकलीच्या जागी जन्मखूण आहे. शाळेत जाताना ती केस पुढे ओढून पिनांनी बसवते आणि खूण झाकते. घरची लेखा निराळी, शाळेतली निराळी. मग समोरच्या घरात थेट भारतातून आलेली अवंतिका राहायला येते. ती उच्चारांवरून चिडवणाऱ्यांना तोंडावर उत्तर देते आणि कपाळावर केस ओढत नाही. लेखाला आधी मैत्रीण मिळाल्याचा आनंद, आणि लगेच धास्ती, की हिच्याबरोबर आपल्यालाही एकाच खणात टाकतील. गावात स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा उमेदवार निवडणुकीला उभा राहतो आणि प्रश्न खेळाच्या मैदानापुरता राहत नाही. ती पिन हा या पुस्तकातला सर्वांत बोलका तपशील आहे. ती काढायला लेखाला कोणी भारतीय संस्कृतीचं व्याख्यान दिलेलं नाही. गप्प न बसणारी एक मुलगी शेजारी आली, एवढंच घडलं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराचा. ही पुस्तकं साच्यातून काढलेली असतात, असं म्हटलं जातं, आणि तसा पुरावाही आहे. २००६ मध्ये हार्वर्डची विद्यार्थिनी काव्या विश्वनाथन हिची ओपल मेहता या मुलीवरची कादंबरी मोठा गाजावाजा करून आली. काही आठवड्यांतच तिच्यातले अनेक उतारे मेगन मॅकॅफर्टीच्या पुस्तकांतल्या उताऱ्यांशी जुळतात असं उघड झालं आणि प्रकाशकानं पुस्तक दुकानांतून परत घेतलं. पुस्तक घडवताना एका 'पॅकेजिंग' कंपनीचाही हात होता, हेही तेव्हा बाहेर आलं. म्हणजे अभ्यासू भारतीय मुलगी आणि तिचे महत्त्वाकांक्षी आईबाप हा खपाऊ माल झाला होता. साच्याची दुसरी खूणही सांगतो. 'बॉर्न कन्फ्यूज्ड'मध्ये शेवटी आवडतो तो घरच्यांनीच दाखवलेला मुलगा. संध्या मेनन यांच्या २०१७ च्या 'व्हेन डिंपल मेट ऋषी'मध्येही तेच. इथली डिंपल ऋषीच्या अंगावर कॉफी फेकते खरी, पण तो मुलगा दोन्ही घरच्यांनी आधीच पसंत केलेला असतो. बंडाचा सगळा थाट, आणि शेवट आईबापांच्या अंगणात. याच कादंबरीवरून पुढे नेटफ्लिक्सवर 'मिसमॅच्ड' आली आणि प्राजक्ता कोळीमुळे ती मराठी घरांतही पाहिली गेली. आईबापांना आणि मुलांना एकाच वेळी खूश ठेवणारी ही तडजोड आहे, हे मान्य करायला हवं. 'अमेरिकन बेटिया' मला त्यामुळेच अधिक धीट वाटते. तिथं घरच्यांची निवड जिंकत नाही आणि मुलीची निवडही जिंकत नाही. शीर्षक मात्र याही मराठी घराच्या पुस्तकाला हिंदीच मिळालं. बाजाराला केळकर चालतात, पण पाटी सर्वांना कळेल अशी हवी असते. साचा आहे हे खरं. साच्यातून प्रत्येक वेळी तेच निघतं, हे मात्र खरं नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: या पुस्तकांत आम्ही नेहमी खलनायक. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेचं दार उघडलं, शिकलेली माणसं दोन बॅगा घेऊन आली, पुढे गावोगावी मंडळं काढली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, रविवारच्या मराठी शाळा चालवल्या, गणपती बसवले, आणि मुलीनं पुस्तक लिहिलं तर त्यात आई म्हणजे फक्त नकार. या तक्रारीत तथ्य आहे. प्रथमपुरुषी निवेदनात आईला बाजू मांडायला जागाच नसते. ती फोन ठेवून किती वेळ खिडकीशी उभी राहिली हे मुलीला दिसत नाही, म्हणून वाचकालाही दिसत नाही. पण याच उणिवेत या प्रकाराचा प्रामाणिकपणा आहे. सोळा वर्षांच्या मुलीला आईचं एकटेपण कळत असतं तर ती सोळा वर्षांची नसती. आईची बाजू सांगणारं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी मराठीत ज्या कथा, लेख, आठवणी लिहिल्या त्यांत मुलं दुरावल्याचं दुःख भरपूर आहे. मुलं दुरावताना त्यांना काय दिसत होतं, हे मात्र त्या लेखनात जवळपास नाही. ते इंग्रजीत लिहिलं गेलं, कारण ज्यांनी अनुभवलं त्यांची लिहायची भाषा ती आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. ओळखीविषयी इतकं बोलणाऱ्या या शेल्फवर जात फार क्वचित दिसते. राजुरकर, केळकर, देसाई ही आडनावं अमेरिकन वाचकाला नुसती भारतीय वाटतात. मराठी वाचकाला त्यांतून बरंच काही आपोआप कळतं, आणि हे कळणं पुस्तकात येत नाही. सुप्रिया केळकर यांच्या 'अहिंसा'नं (२०१७) हा विषय हातात घेतला. नागपूरच्या स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे लोकसभेत गेलेल्या अनसूयाबाई काळे या लेखिकेच्या पणजी, त्यांच्या प्रेरणेनं ही गोष्ट लिहिली गेली. १९४२ मधल्या अंजलीची आई चळवळीत उतरते, अस्पृश्यतेचा प्रश्न घरात येतो, आणि सवर्णांच्या सुधारणेतला मोठेपणाचा तोराही कादंबरी तपासते. हे धाडस खरंच, पण ते १९४२ मध्ये आणि भारतात घडतं. सिअ‍ॅटल शहरानं २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला मनाई केली, कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक त्याच वर्षी राज्यपालांनी परत पाठवलं. म्हणजे जात अमेरिकेत पोचल्याची नोंद सरकारदरबारी झाली. यशिका दत्त यांनी दलित असल्याचं लपवत वाढण्याविषयी आत्मकथन लिहिलं, न्यूयॉर्कमध्ये राहून लिहिलं, आणि त्यात लपवणं हाच विषय आहे. पण ते मोठ्यांसाठीचं पुस्तक. गणेशोत्सवाच्या मांडवात आडनाव विचारलं की सावध होणाऱ्या मराठी मुलीची किशोर कादंबरी या शेल्फवर दिसत नाही. माझा मुद्दा खरा असेल तर हा प्रकार तिच्यासाठीच सर्वांत योग्य आहे, कारण तिला घरातलं बाहेर सांगता येत नाही आणि बाहेरचं घरात.

राहतो तो पुस्तकांत कोणाचे चेहरे दिसतात, या मोजणीचा प्रश्न. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतलं बालसाहित्य सगळं गोऱ्यांचंच कसं आहे हे दाखवून दिलं. १९८५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्रानं मोजलं तेव्हा वर्षाच्या सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीयांनी लिहिलेली किंवा चितारलेली फक्त १८ निघाली. १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तक हा आरसाही असतो आणि खिडकीही, असं मांडलं. पुढे आरसाच फार लोकप्रिय झाला. प्रत्येक मुलाला आपला चेहरा पुस्तकात दिसायला हवा, ही मागणी न्याय्यच होती. पण तिच्यामुळे ही पुस्तकं मुलांनीच वाचायची असा समज झाला, आणि खिडकीतून ज्यांनी पाहायला हवं ते पाहतच नाहीत. मोठी माणसं या पुस्तकांकडे वळतात ती बहुधा ती काढून टाकायला. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३-२४ या शालेय वर्षात शाळांमधून पुस्तकं हटवण्याच्या १०,०४६ घटना घडल्या. मुलाच्या हाती काय पडावं हे ठरवण्याचा पालकांचा हक्क मी मोडीत काढत नाही. एवढंच म्हणतो, की पुस्तक हटवल्यानं मुलीचा प्रश्न हटत नाही. ऑलिव्हरला घरात येऊ न देऊन राणीच्या आईला जे मिळालं असतं, तेच इथंही पदरी पडतं.

म्हणून एक सांगणं अमेरिकेतल्या मराठी आईबापांना, आणि इथल्याही. मुलांनी मराठी वाचावं म्हणून तुम्ही रविवार खर्ची घातलेत, ते सार्थच आहे. पण वाचनाची ही ये-जा आतापर्यंत एकाच दिशेनं झाली. मुलीच्या टेबलावर असं एखादं पुस्तक दिसलं तर तिचं झाल्यावर मागून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. त्यातली आई तुमच्यासारखी नाही, असं वाटेल. ते तिला लगेच सांगायला जाऊ नका. आधी तिला विचारा, तुला त्यातलं कोण आवडलं, आणि ती बोलेपर्यंत थांबा.